एक दिवसाची सहल: ग्रुपवर अंगठा देणारे पहाटे कुठं जातात?

नाइलाजाने सचिव, परभणी | ६ जानेवारी, रात्री ९.४०

मंडळी राम राम. दोन वर्षं इथं नुसता वाचनमात्र आहे, आज लिहायला बसलो कारण डोकं उठलंय.

आमच्या कॉलनीचं एक मंडळ आहे. रजिस्टर-बिजिस्टर काही नाही, गणपतीच्या वर्गणीतून सुरू झालं, मग कोजागिरी आली, मग संक्रांतीचं हळदीकुंकू, आणि दोन वर्षांखाली कुणीतरी काढलं की दर दोन महिन्याला एक सहल करू, सकाळी जायचं रात्री यायचं, मुक्काम नको. ग्रुपवर ४२ जण. निम्मे रिटायर, चार-पाच मास्तर, बँकेतले दोघं, बाकी घरच्या बाया आणि सुट्टीला येणारी लेकरं. सचिव मी. का तर ज्या दिवशी सचिव निवडायचा होता त्या दिवशी मी लग्नाला गेलो होतो.

डिसेंबरात वेरूळ ठरलं. परभणीहून एका दिवसात वेरूळ करायचं म्हणजे पहाटे चारला निघणं आलं. ग्रुपवर अंगठे किती आले? ३१. मी दोन गाड्या सांगितल्या. आदल्या रात्री अकरापर्यंत पाच गळाले, कुणाचा पाहुणा आला, कुणाची कंबर धरली. पहाटे दोन्ही गाड्या गेटवर उभ्या, थंडी मरणाची, आणि आले किती तर १७. एकाला फोन लावला तर म्हणतो, "कामून हो, आजच हाय का?" एका गाडीतच सगळे मावले, दुसरी परत पाठवली, तिचे ४,२०० माझ्या खिशातून गेले. कारण पैसे आपण हमेशा परत आल्यावर गोळा करतो, आणि जे आलेच नाहीत त्यांच्याकडं मागायचे कोणत्या तोंडानं.

आणि हो, तो मंगळवार होता. जाणकारांना कळलं असेल. त्यावर कृपया बोलू नका, घरी रोज ऐकतोय.

आता जानेवारीची काढायचीय. पैसे आधी घ्यावेत का, कसे मागावेत, माणसं असं का करतात, आणि गुडघे दुखणाऱ्यांना घेऊन इथून एका दिवसात कुठं जाता येईल, सांगा. औंढा नागनाथ चार वेळा झालंय.


अर्धं तिकीट, छत्रपती संभाजीनगर | रात्री ९.५८

मंगळवारी वेरूळ!! हसून हसून पुरेवाट. सॉरी काका, राहवलं नाही.

बाकीच्यांसाठी लिहून ठेवतो, वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद. एकाच दिवशी दोन्ही बंद नसतात त्यामुळे बाहेरचा पर्यटक चुकला तरी दुसरीकडं वळतो, पण वेरूळच्या दारात उभं राहून अजिंठ्याला वळायचं म्हणजे पुन्हा शंभरेक किलोमीटर, तेही परभणीहून चारला निघालेल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन, म्हणजे विसराच. आणि अजिंठ्याला तुमची गाडी लेण्यांपर्यंत जात नाही, फर्दापूरच्या टी पॉइंटला लावायची, तिथून चारेक किलोमीटर त्यांच्या बसनं. रांग असते, ग्रुपला तेवढा वेळ धरायचा. तिकीट माणशी ४० रुपये, १५ वर्षांखालच्यांना लागत नाही. वेरूळलाही तेवढंच.

मग त्या दिवशी केलं काय तुम्ही?


नाइलाजाने सचिव | रात्री १०.०५

घृष्णेश्वर केलं, खुलताबादला झोपलेला भद्रा मारुती केला आणि परत निघालो. गाडीत सगळ्यांनी भरपूर भजनं म्हटली. मला वाटतं मला ऐकू जावी म्हणूनच म्हणत होते.


गोदाकाठ, नांदेड | ७ जानेवारी, सकाळी ६.१५

सचिवसाहेब, तुमचं चुकलं ते अंगठ्याला 'हो' धरलंत तिथंच. अंगठा म्हणजे 'वाचलं'. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात नऊ वर्षं झाली, नियम एकच, पैसे आधी, नाव नंतर. पैसे आले तरच वहीत नाव, नावाच्या क्रमानं सीट, आणि सहलीच्या चार दिवस आधी यादी बंद. नंतर गळाला तर पैसे परत नाहीत, बदली माणूस आणायची मुभा आहे, सून आणा, साडू आणा. पहिल्या दोन सहलींना लोकांनी तोंडं वाकडी केली, आता सवय झाली.

वेळेचंही तसंच. गाडी ६ ला म्हणजे ६ वाजून १० मिनिटांनी चाक फिरतं. एकदा आमचे अध्यक्षच राहिले, नरसी नामदेवला चाललो होतो, ते मागून स्कूटरवर अर्धापूरपर्यंत आले. त्यानंतर उशिरा येणं बंद झालं.


क्रुझरवाला, मानवत | सकाळी ८.३०

साहेब गाडीवाल्याच्या बाजूनं बी बघा जरा. तुम्ही ४,२०० दिले ते बरं केलं, निम्मे लोक तर फोनच उचलत नाहीत. पहाटे चारची गाडी मन्ली की ड्रायव्हर रात्री दुसरं भाडं घेत नाही, त्याचा दिवस जातो.

चार गोष्टी फुकट सांगतो. एक तर भाडं इचारताना किमान किती किलोमीटर धरले ते इचारा, बहुतेक जण दिवसाला किमान धरतेत, तुम्ही जवळच गेलात तरी पैसे तेवढेच, त्यापेक्षा जवळच्या सहलीला दिवसाचा ठोक भाव ठरवा. टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता आत का भाईर हे आधीच. पांढऱ्या पाटीची गाडी सस्त्यात भेटते मनून घेऊ नका, भाड्यानं चालवायचा परमिट नसतो तिला, काही झालं तर इन्शुरन्सवाला हात वर करते. आणि ड्रायव्हरचं जेवण धरायचं इसरू नका. पंचवीस जण हुरडा खाऊ लालेत आणि ड्रायव्हर गाडीला टेकून बघू लाला, हे मी लई बघितलं, आणि रात्रीची गाडी त्याच्याच हातात असते.

१७ सीटर मन्जे १७ च. १७ मोठे आणि ६ लेकरं मांडीवर, असं सांगूच नका.


पुण्यात अडकलेला, मूळ गाव सेलू | सकाळी १०.२०

सोप्पं आहे काका, गूगल फॉर्म करा, क्यूआर कोड टाका, पेमेंट झालं की आपोआप शीटमध्ये नाव येतं. आमच्या सोसायटीत असंच करतो. बाकी हुरड्याच्या दिवसांत हा धागा वाचून जीव जळतोय. इथं हुरडा पार्टीचे हजार-हजार घेतात आणि हातात काय तर प्लेटमधे चमच्यानं.


भिशी नंबर ४, अंबाजोगाई | सकाळी ११.०५

चमच्यानं हुरडा? देवा.

आमच्या भिशीतल्या अकरा जणी दर तीन महिन्याला जातो आणि गाडीच करत नाही. साधी एसटी. २०२३ च्या मार्चपासून बायांना अर्धं तिकीट आहे, आणि आमच्यातल्या दोघी पंचाहत्तरीच्या पुढं, त्यांना फुकट. परळीला गेलो, तुळजापूर केलं, धाराशिवहून तेरला गेलो, गोरोबाकाकांचं देऊळ आणि तिथलं ते जुन्या वस्तूंचं म्युझियम. कुणी आली नाही तर कुणाचं नुकसान नाही. बसस्टँडवर ज्या दिसल्या त्या आपल्या, बाकीच्यांना टाटा. फक्त आडबाजूच्या ठिकाणाला हे जमत नाही आणि परतीच्या शेवटच्या बसकडं एकीनं डोळा ठेवावा लागतो. ते काम आमच्याकडं जिची सासू सगळ्यात कडक तिच्याकडं असतं.


बार्शी रोड, लातूर | दुपारी १.४०

आम्हाला लातूरकरांना सहल काढावी लागत नाही, ती आपोआप निघते. आत्ताच येळवस झाली, म्हणजे वेळ अमावस्या, शेतात जाऊन पूजा आणि जेवण. कलेक्टर सुट्टी देतात, शहरात चिटपाखरू नसतं, ज्याचं शेत नाही त्याला ज्याचं आहे तो नेतो. कडब्याची कोपी, आत पांडव म्हणून पाच दगड मांडलेले, माठात आंबील, आणि भज्जी. भज्जी खाल्ली नाही त्याला सांगून कळणार नाही, तुरीचे-वाटाण्याचे-हरभऱ्याचे हिरवे दाणे, पालेभाजी, बेसन, सगळं एकत्र घट्ट शिजवलेलं, आणि त्याबरोबर बाजरीचे उंडे. इथं कुणाला कुणी फोन करत नाही येणार का म्हणून, आणि माझ्या शेतात यंदा साठेक माणसं जेवली, त्यातल्या वीस जणांना मी ओळखत नाही.

सचिवांना प्रश्न, तुमच्या मंडळात कुणाचं शेत नाही का हो? जानेवारी आहे, हुरडा सोडून कुठं हिंडताय?


घाटवेडा, कन्नड | दुपारी ३.१५

थोडं वेगळं बोलतो, रागावू नका. सगळ्यांच्या गुडघ्यांच्या सोयीनं सहल काढली की ती सहल राहत नाही, आरोग्य शिबिर होतं. गाडीतून उतरा, दर्शन, फोटो, जेवण, गाडीत बसा. दोन ग्रुप करा ना सरळ. ज्यांना चालता येतं त्यांना गौताळ्यात न्या, पितळखोऱ्याला न्या, दरीत उतरून लेणी बघू द्या. बाकीच्यांना औंढा आहेच.


नाइलाजाने सचिव | संध्याकाळी ७.३०

सगळ्यांचे आभार. गोदाकाठ सरांचा नियम पटला आणि आज दुपारी ग्रुपवर टाकला पण, 'यापुढे पैसे आधी, नाव नंतर, पैसे परत मिळणार नाहीत.' दोन तासांत तिघं ग्रुप सोडून गेले. एकानं लिहिलं, 'सहल आहे का कोचिंग क्लास.' एक काकू मात्र गेटवर भेटल्या आणि हळूच म्हणाल्या, बरं केलंत, आता मला नाही म्हणायला कारण झालं. मला काही समजलं नाही. त्या दर वेळी अंगठा देतात आणि दर वेळी आदल्या रात्री रद्द करतात.

पुण्यातल्या भाऊंना, क्यूआरचं म्हणाल तर आमच्यातल्या दहा जणांना पैसे घ्यायला येतात, पाठवायला येत नाहीत.


शेवटची सीट, हिंगोली | ७ जानेवारी, रात्री ११.२०

मी सहसा लिहीत नाही पण त्या काकूंचं वाचून लिहिते. तुम्हाला समजलं नाही कारण तुम्हाला कधी विचार करावा लागला नाही, गाडी बाभळीखाली थांबवली की तुमचं काम झालं.

मी ५८ वर्षांची आहे. बीपीची गोळी आहे, त्यातली एक लघवी जास्त करणारी. सहलीच्या दिवशी मी ती गोळी घेत नाही, सकाळपासून चहा घेत नाही, पाणी ओठ ओले करण्यापुरतं. दुपारी डोकं दुखतं, संध्याकाळी पायाला गोळे येतात, आणि सगळे म्हणतात यांना प्रवास सोसत नाही. प्रवास सोसतो. ढाब्यामागच्या त्या खोलीला कडी नसते, पाणी नसतं, एक जण बाहेर उभी, दुसरी आत, आणि गाडीतून हॉर्न वाजू लागतो. म्हणून बाया ग्रुपवर अंगठा देतात, कारण जायचं मनापासून असतं, आणि आदल्या रात्री विचार करत बसलं की नको वाटतं. मग कंबर धरते, पाहुणे येतात. 'मला बाथरूमची भीती वाटते' असं चाळीस माणसांच्या ग्रुपवर कोणती बाई लिहील?

शिवाय शेवटची सीट हमेशा आम्हालाच. पुढं माणसं, मधे लेकरं, मागं बाया. मागची सीट किती आदळते ते एकदा बसून बघा परभणी-जिंतूर रोडला.

नियम करा, पण तुमच्या मंडळातल्या बायांना आधी तुमच्या बायकोकडून फोन करवा. तुम्ही करू नका.


भिशी नंबर ४ | रात्री ११.३५

ताई, हात जोडले. आमच्या अकरा जणींचं एसटीचं खरं कारण हेच आहे, मी वर पैशाचं लिहिलं. एसटी स्टँडवर थांबते, आणि स्टँडवर कसंही का असेना, असतं.


क्रुझरवाला | ८ जानेवारी, सकाळी ७.१०

ताईंचं खरं आहे. हॉर्न आम्हीच वाजवतो. तालुक्याच्या गावाला मोठा पेट्रोल पंप बघून डिझेलच्या निमित्तानं थांबायचं, सांगायचं पण नाही कशाला थांबलो. दोन तासाला एकदा. ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा, तो बराबर करते.

गोळी बंद करू नका मात्र.


घाटवेडा | सकाळी ९.००

मी कालचं आरोग्य शिबिर वगैरे लिहिलेलं मागे घेतो. आईला विचारलं आत्ता. ती गेल्या वर्षी आमच्याबरोबर पितळखोऱ्याला का आली नाही ते आज कळलं.


बारव वेडा, सेलू | सकाळी ११.४५

ठिकाणाचं मी सांगतो, कारण ते राहूनच गेलं. वालूरला जा. परभणी जिल्ह्यात राहून वालूरची बारव, म्हणजे पायऱ्यांची जुनी दगडी विहीर, बघितली नाही असे हजारो लोक आहेत. साध्या बारवेत एका बाजूनं नाहीतर चारी बाजूंनी सरळ पायऱ्या उतरतात, इथं पायऱ्या गोल फिरत फिरत, स्क्रूच्या आट्यांसारख्या खाली जातात. मराठवाड्यात एवढ्या बारवा पायाखाली घातल्या, असली दुसरी मला दिसली नाही. कित्येक वर्षं मातीनं आणि झाडोऱ्यानं भरलेली होती, गावच्या पोरांनी आणि इतरांनी श्रमदान करून मोकळी केली.

तिथून चारठाणा. हेमाडपंती देवळं, उंच दगडी दीपमाळ, बारव, आणि गावात फिरलं की कुणाच्या ओट्याला, कुणाच्या गोठ्याच्या भिंतीला कोरीव दगड. माणूस नाही, गर्दी नाही, तिकीट नाही. (बाथरूम पण नाही, आधीच सांगतो. वरचं वाचलंय.)


नाइलाजाने सचिव | दुपारी २.२०

बारव म्हटल्यावर आमचे निम्मे लोक म्हणणार, आमच्या गावात पण हाय की, त्यात बघायचं काय.


बारव वेडा | दुपारी २.५०

आहेच की. आणि तुमच्या गावातल्या बारवेत आज काय आहे? गणपतीचं निर्माल्य, दारूच्या बाटल्या आणि एक मेलेलं कुत्रं. म्हणूनच चांगली एक दाखवा त्यांना. एक सांगून ठेवतो, पायऱ्या उतरताना कठडा नाही, खाली पाणी असतं आणि पाण्याजवळच्या दोन-तीन पायऱ्यांना शेवाळ. ज्यांचा तोल जातो त्यांना वरच बसवा, वरून बारव जास्त चांगली दिसते हे खोटं नाही. लेकरं एकाएका मोठ्याच्या हातात. सकाळी दहा-साडेदहाच्या सुमाराला जा, उन्हाची तिरीप आत उतरते.


जिंतूर नाका, जिंतूर | संध्याकाळी ५.३०

चारठाण्यापर्यंत येणार आणि नेमगिरी सोडणार? जिंतूरच्या अगदी जवळ डोंगरात जैन लेणी आहेत. भल्या थोरल्या मूर्ती आणि दारं एवढी बारकी की वाकून, काही ठिकाणी जवळजवळ रांगतच आत जावं लागतं, मूर्ती आत कशी नेली असेल असं वाटतं, नेलीच नाही, तिथंच कोरलीय. पार्श्वनाथाची मूर्ती बारक्याशा दगडावर टेकलेली आहे, अधांतरीच म्हणतात लोक. गुडघेवाल्यांना आत जमणार नाही पण जैनांचं तीर्थक्षेत्र आहे, आवार स्वच्छ, बसायला जागा, पाणी, आणि ताईंनी लिहिलेली सोय व्यवस्थित. दुपारचा टप्पा तिथं ठेवा.

तारीख कोणती धरताय?


नाइलाजाने सचिव | संध्याकाळी ६.१०

२५, रविवार. दुसऱ्या दिवशी २६ जानेवारी आहे पण झेंडावंदन सकाळी, तोपर्यंत झोप होईल.


भिशी नंबर ४ | संध्याकाळी ६.१४

२५ ला रथसप्तमी आहे. हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. एकही बाई येणार नाही. सचिवसाहेब, तुम्हाला वार आणि तिथीचं काहीतरी वावडं आहे.


बार्शी रोड | संध्याकाळी ६.३०

मग हळदीकुंकू शेतात करा ना! कुणी सांगितलं घरातच पाहिजे म्हणून?


नाइलाजाने सचिव | २७ जानेवारी, रात्री ८.५०

मंडळी, वृत्तांत.

आधी फोनचं. बायकोनं तीन संध्याकाळी बसून १९ फोन केले. मला खोलीत थांबू दिलं नाही. नंतर तिनं नावं न सांगता एवढंच सांगितलं की नऊ जणींचं कारण 'शेवटची सीट' ताईंनी लिहिलं तेच, दोघींना पैसे एकदम देणं जड, पेन्शन यायच्या आधी नको वाटतं आणि तसं बोलायला लाज, आणि एक काका असे निघाले की त्यांना गाडी लागते म्हणून ते दर वेळी येतो म्हणून येत नाहीत. सत्तरीचा माणूस, जिल्हा परिषदेत मोठ्या हुद्द्यावर होता, गाडी लागते हे सांगायला लाजतो. त्यांना पुढं ड्रायव्हरशेजारी बसवलं, खिशात आवळा सुपारी. काही झालं नाही.

पैसे आधीच घेतले, माणशी ६५०, पण ग्रुपवर मागितले नाहीत, घरोघर जाऊन घेतले. ज्यांना जड होतं त्यांच्याकडून पेन्शन आल्यावर घेणार असं वहीत माझ्यापुरतं लिहिलं. गोदाकाठ सर, नियम मोडला, माफी. जे तिघं ग्रुप सोडून गेले होते त्यातले दोघं आले. एकूण २४. गाड्या दोन, १७ सीटर एक आणि क्रुझर एक, दोन्ही पिवळ्या पाटीच्या. पुढच्या सीट बायांना आणि म्हाताऱ्यांना, मागं मी, माझा मेहुणा आणि बँकेतले दोघं. ताई, जिंतूर रोडबद्दल तुमचं बरोबर होतं. माझी कंबर खरोखर धरली.

सकाळी ७ ला निघायचं होतं, ७.२५ झाले. कारण मी. चाव्या सापडत नव्हत्या.

वालूरला पोचलो तेव्हा ऊन नुकतं आत उतरत होतं. आमचे एक मास्तर, ३४ वर्षं इतिहास शिकवला, ते काठावर उभे राहिले आणि काहीच बोलले नाहीत, आणि जो माणूस भाजीच्या पिशवीवर पण अर्धा तास बोलतो तो गप्प बसला म्हणून सगळेच गप्प. मग म्हणाले, मी पलीकडच्याच गावात सहा वर्षं नोकरी केली, रोज या फाट्यावरून सायकलनं गेलो, इकडं वळलो नाही. लेकरं खाली उतरली, हाताला धरून. गावातला एक म्हातारा येऊन बसला, त्यानं सांगितलं की लहानपणी यात कधी शेळी पडायची, मग कुणीतरी दोरी बांधून उतरायचं, पायऱ्या दिसतच नव्हत्या.

चारठाण्याला थोडा गोंधळ झाला, दीपमाळेकडं जाताना निम्मे लोक चुकून दुसऱ्या गल्लीत गेले आणि कुणाच्या तरी घरी चहा पिऊनच आले. ओळखीचे नव्हते. नेमगिरीला लेकरं आणि तीन काकू रांगत आत गेल्या, आम्ही पुरुष बहुतेक बाहेरच, पोटामुळं. सोय होती, पाणी होतं, कुणी हॉर्न वाजवला नाही.

हुरडा शेवटी, मंडळातल्याच एकाच्या मेहुण्याच्या शेतात, जिंतूरकडून परत येताना. गूळभेंडी ज्वारीची कणसं, आगटीत गोवऱ्यांचा विस्तव, दोन गडी कणसं भाजून गरम गरम चोळत होते आणि आम्ही तळहात पुढं करून बसलेलो. शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, गोडी शेव, बोरं, ताक. पहिला घास ड्रायव्हरांना. ऊन उतरल्यावर बायांनी तुरीच्या कडेला सतरंजी टाकली आणि हळदीकुंकू केलं. दर वर्षी प्लॅस्टिकच्या डब्या वाटतात, यंदा वाण म्हणून प्रत्येकीला हुरड्याची पाच पाच कणसं, शेतवाल्या वहिनींनीच दिली. त्या वहिनींना एवढ्या बायांनी एकदम कुंकू लावलं की कपाळ दिसेना.

गेटवर भेटलेल्या त्या काकू पण होत्या. जाताना एक आणि येताना एक, असा दोन वेळा चहा प्यायल्या. मी मोजला.

हिशोब ग्रुपवर टाकला तो इथं पण टाकतो, कुणाला उपयोग होईल. जमा १५,६००. सतरा सीटर ६,५००, क्रुझर ३,८००, हुरडा आणि जेवण २४ जणांचे ३,६००, दोन ड्रायव्हरांचे ३००, चहा-नाश्ता ७००, नेमगिरीला देणगी २५१. खर्च १५,१५१. शिल्लक ४४९.

आता त्या ४४९ वर ग्रुपवर सकाळपासून चर्चा चालू आहे. एक जण म्हणतो परत वाटा, २४ जणांत ४४९ म्हणजे डोई १८ रुपये ७० पैसे. एक म्हणतो पुढच्या सहलीला धरा. एक म्हणतो वेरूळच्या वेळी सचिवांचे ४,२०० गेले त्यात द्या, त्यावर एकानं लिहिलं की मंगळवारी नेल्याबद्दल तोच दंड समजा.


शेवटची सीट | रात्री ९.३०

वाचून बरं वाटलं. काकूंना माझा नमस्कार सांगा.

कणसं उरली असतील तर हिंगोली लांब नाही.


क्रुझरवाला | रात्री ९.४५

त्या ४४९ चं दोन्ही ड्रायव्हरला द्या मन्लं असतं, पण मी मन्लो तर चांगलं दिसत नाही.


नाइलाजाने सचिव | रात्री १०.०२

दिले. ग्रुपवर अजून सांगितलेलं नाही.

मार्चमध्ये अजिंठा म्हणतायत.


अर्धं तिकीट | रात्री १०.०३

काका, वार?


नाइलाजाने सचिव | रात्री १०.२०

बायकोला विचारून सांगतो.